बिनचिन्हाची मतपत्रिका कशी वाचायची

२०२५ ची वसुबारस नुकतीच झाली होती. रात्रीचे नऊ वाजलेले, चकलीची भाजणी भिजवून मी सोऱ्या शोधत होते, तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अमेरिकेत, सिएटलला, तेव्हा सकाळचे साडेआठ. फोन लाडवांच्या डब्याला टेकवला, तर पडद्यावर तिच्या तोंडाऐवजी एक पाकीट.

"आई, मतपत्रिका आली. पोस्टानं, घरी. महापौरपदाला दोन नावं आहेत, पण पक्ष कुठला ते लिहिलेलंच नाही. छापायचं विसरले काय?"

ती त्याच वर्षी तिकडची नागरिक झालेली, हे तिचं पहिलं मतदान. आणि मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलेली. शाळा बदलल्या, तालुके बदलले, निवडणुकीची ड्यूटी काही चुकली नाही. त्यामुळे तिचा प्रश्न माझ्या चांगलाच ओळखीचा. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात मी केंद्राध्यक्ष होते. एक आजी यंत्रापुढे गेल्या आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागून मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, ह्यात घड्याळ न्हाई की वं!" ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, हे त्यांना घरच्यांनी पढवलं असणार, आयत्या वेळी डोक्यातून गेलं. मला तर तोंड उघडायची मुभा नाही. एजंट कान टवकारून बसलेले. आजी जरा थांबल्या, मग जपमाळ ओढल्यासारखं "कपबशी, शिट्टी, छत्री… आन् सरपंचाला नारळ" असं पुटपुटत बटणं दाबून बाहेर आल्या. पलीकडच्या पॅनेलचा एजंट माझ्याकडे बघतोय आणि मी छताकडे!

तर सिएटलच्या महापौराची निवडणूक म्हणजे आपली ग्रामपंचायत समजायची. कागदावर पक्ष नाही, पण पॅनेल गावाला ठाऊक असतं. फरक इतकाच की तिकडे चिन्हही नाही आणि पारावर बसून सांगणारं कुणी नाही. ते पॅनेल आपलं आपण शोधायचं. लेकीबरोबर मी तीन रात्री त्यात घालवल्या. ज्यांची मुलं-सुना नव्यानं तिकडच्या मतदार झाल्यात, त्यांना उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून ठेवते.

आधी आपण मतदार कुठले ते बघा. आपल्याकडची मंडळी सरसकट "पोरगा सिएटलला असतो" म्हणतात, आणि पोरगा राहतो बेलव्ह्यूला नाहीतर रेडमंडला. ती वेगळी शहरं. रेडमंडचा महापौर लोक थेट निवडतात. बेलव्ह्यूचा महापौर मात्र नगरसेवक आपल्यातूनच निवडतात, म्हणजे सांगली-कोल्हापूरच्या महापालिकेसारखं. सिएटलचं आमच्या साताऱ्याच्या नगराध्यक्षासारखं, थेट जनतेतून, चार वर्षांसाठी. माझ्या एका मैत्रिणीनं महिनाभर सिएटलच्या उमेदवारांची भाषणं ऐकली आणि शेवटी कळलं की मुलाच्या मतपत्रिकेवर ती निवडणूकच नाही.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. ग्रीन कार्डवाल्यांनी, एच-वन-बीवाल्यांनी मतदार नोंदणीच्या कागदावर चुकूनसुद्धा सही करायची नाही. ड्रायव्हिंग लायसन काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न पुढे येऊ शकतो, आणि आपली पोरं रांगेत घाईघाईत टिक मारतात. नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहून देणं म्हणजे पुढचं नागरिकत्व जाऊन घरी परतायची वेळ. मतदानाचा उत्साह पासपोर्ट हातात आल्यावर. नागरिक झालेल्यांना मात्र वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे सिएटल ज्यात येतं त्या राज्यात, मुदत सैल आहे. ऑनलाइन नोंदणी मतदानाच्या आठ दिवस आधी बंद होते, पण प्रत्यक्ष केंद्रावर गेलं तर मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत नोंदणी करून मत देता येतं. आपल्याकडे यादीत नाव नाही म्हणून उन्हात परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून याचं मला फार कौतुक वाटलं.

आता पक्ष का नाही ते. १९०० च्या आसपास तिकडच्या मोठ्या शहरांत पक्षांचे दादा नगरपालिका चालवायचे. नोकऱ्या त्यांच्या माणसांना, कंत्राटं त्यांच्या माणसांना. न्यूयॉर्कचं टॅमनी हॉल नावाचं पक्षाचं मंडळ त्यातलं सगळ्यात बदनाम. मग सुधारकांनी टूम काढली की शहराच्या निवडणुकीतून पक्षाचं नावच काढून टाका. गटार तुंबलं तर ते कुठल्या पक्षाचं म्हणून तुंबत नाही. कॅलिफोर्नियात तर शहरांच्या निवडणुका बिनपक्षाच्या असाव्यात हे त्या राज्याच्या घटनेतच आहे. शिकागोतही १९९९ पासून महापौर पक्षाविना निवडतात. न्यूयॉर्क मात्र अजून पक्षांवरच चालतं, त्यामुळे टीव्हीवर तिथलं बघून सिएटलची समजूत करून घेऊ नका.

हेतू चांगला, पण पक्ष कागदावरून गेला म्हणून माणसाच्या मनातून जातो का? साताऱ्यात आम्ही कित्येक निवडणुका आघाड्यांवर लढताना पाहिल्या, एक सातारा विकास आघाडी, दुसरी नगरविकास आघाडी. पक्षाचं नाव नव्हतं, पण मोती चौकातल्या पेढेवाल्याला विचारलं तरी कोण कुणाचं ते तो सांगायचा. सिएटलमध्ये याचं उत्तम उदाहरण आपल्याच बाजूचं आहे. क्षमा सावंत, जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत. २०१४ ते २०२३ त्या सिएटलच्या नगरसेविका होत्या. मतपत्रिकेवर पक्ष नाही, पण बाई उघड समाजवादी म्हणून लढल्या आणि निवडून आल्या. जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर सिएटल झालं, २०२३ च्या फेब्रुवारीत, तो ठराव त्यांचाच.

पॅनेल शोधायला सुरुवात माहितीपुस्तिकेपासून करा. मतपत्रिकेसोबत नाहीतर थोडी आगेमागे, सरकारकडून घरी एक पुस्तिका येते. प्रत्येक उमेदवाराचा फोटो, शिक्षण, व्यवसाय, समाजकार्य आणि स्वतःच्या शब्दांतलं निवेदन. फुकट येते म्हणून रद्दीत टाकू नका, पण वेदवाक्यही मानू नका. निवेदन उमेदवारानंच लिहिलेलं असतं, कुणी तपासलेलं नसतं. मी लेकीला वाचून दाखवायला लावलं. "सुरक्षित शहर", "परवडणारी घरं", "सर्वांना सोबत घेऊन" हे दोन्हीकडे सारखंच. ते पेन्सिलीनं खोडायला सांगितलं. मुलांच्या निबंधात मी हेच करायचे. "आमची शाळा फार सुंदर आहे" खोडलं की उरतं ते त्या पोराचं. खोडून उरलं त्यात एका बाजूला चार वर्षांच्या कारभाराचा हिशेब होता, दुसऱ्या बाजूला चळवळीतलं काम.

नावं सांगते, कारण निवडणूक होऊन गेली आहे. एक ब्रूस हॅरेल, तेव्हाचे महापौर, २०२१ ला निवडून आलेले. दुसऱ्या केटी विल्सन, बस प्रवाशांची संघटना उभी करणाऱ्यांतल्या. ऑगस्टच्या पहिल्या फेरीत आठ उमेदवार होते. त्या फेरीतले पहिले दोन, कितीही मतं असोत, नोव्हेंबरला जातात. गंमत म्हणजे दोघंही डेमोक्रॅटच! म्हणजे पक्ष छापला असता तरी लेकीला त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. एकाच घरातल्या दोन भावकींची निवडणूक. अशा वेळी पक्ष विचारू नये, आजूबाजूला कोण उभं आहे ते बघावं.

कोण उभं आहे ते पाठिंब्याच्या यादीत दिसतं. तिकडे पाठिंबा उघड जाहीर करतात. कामगार संघटना, व्यापाऱ्यांच्या संघटना, पक्षांच्या स्थानिक शाखा, आजी-माजी लोकप्रतिनिधी. उमेदवाराच्या पानावर लांबलचक यादी असते. वर्तमानपत्रंसुद्धा सांगतात की आमचा कौल अमक्याला. 'सिएटल टाइम्स'चा हॅरेलना होता, 'द स्ट्रेंजर'चा विल्सनना. आपल्याकडे संपादकानं असं लिहिलं तर "किती घेतले?" विचारतील. तिकडे ती रीत आहे. मी लेकीला दोन्ही लेख वाचायला लावले, आणि जे वर्तमानपत्र तिला एरवी पटत नाही ते आधी. आपल्या मताच्या माणसाचं वाचून फक्त मान डोलते.

मग पैसा. उमेदवाराला कुणी किती दिले, देणारा नोकरी कुठे करतो, हे राज्याच्या आणि शहराच्या संकेतस्थळावर दिसतं. सगळी यादी वाचायला जाल तर डोळे जातील. त्यापेक्षा घरी येणारी रंगीत कार्डं फेकू नका. उमेदवार स्वतः नव्हे तर बाहेरची समिती जाहिरात काढते, तेव्हा तिला सर्वांत मोठ्या पाच देणगीदारांची नावं कार्डावर छापावी लागतात. अक्षर बारीक असतं, पण असतं. लेकीनं कार्ड फोनसमोर धरलं, मी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. पुढची बाजू नुसती भीती घालणारी, खरी माहिती सगळी तळाच्या दोन ओळींत. आपल्याकडे जेवणावळीचा खर्च कुणाच्या खिशातून झाला हे कळायला आचाऱ्याशी ओळख लागते!

सिएटलची आणखी एक तऱ्हा आहे, ती मला सगळ्यात आवडली. महापालिका मतदारांना २५ डॉलरची चार कूपनं पाठवते. आपल्याला पटेल त्या उमेदवाराला ती द्यायची, म्हणजे तेवढे पैसे पालिकेच्या तिजोरीतून त्याच्या प्रचाराला मिळतात. पैसा घरपट्टीतून येतो. २०१५ ला लोकांनीच मतदान करून ही योजना आणली. ही कूपनं ग्रीन कार्डवाल्यालाही मिळतात, फक्त मागून घ्यावी लागतात. आमच्या जावयाला मत नाही, पण कूपनं होती. कुणी कुणाला कूपन दिलं हे जाहीर असतं. म्हणजे लेकीचं मत गुप्त आणि जावयाचं जगजाहीर. तो आठवडाभर विचार करत बसला, शेवटी दिली की नाही ते मी शोधलं नाही. शोधता आलं असतं.

मात्र तुम्ही-आम्ही इथून एक डॉलरही द्यायचा नाही. परदेशी माणसानं तिकडच्या कुठल्याही निवडणुकीला पैसे देणं बेकायदा आहे, शहराच्या निवडणुकीलासुद्धा. लेकीच्या खात्यात पाठवून तिच्या नावानं द्यायचे, असली हुशारी तर मुळीच नको.

दोघांत नेमका फरक कुठे, हे कळायला भाषणापेक्षा जुना प्रसंग बरा. मी लेकीला विचारलं, "गेल्या वर्षा-दोन वर्षांत गावात असा कुठला प्रश्न आला होता, जिथे दोघांना बाजू घ्यावी लागली?" तिनं शोधलं. २०२५ च्या फेब्रुवारीत सार्वजनिक घरबांधणीसाठी पैसा कुठून आणायचा यावर शहरात मतदान झालं होतं. एक पर्याय असा की, एखाद्या माणसाला वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त पगार देणाऱ्या कंपन्यांवर त्या वरच्या रकमेचा कर लावायचा. दुसरा असा की, नवा कर नको, आहे त्याच पैशातून थोडा द्यायचा. विल्सन पहिल्या बाजूला, हॅरेल दुसऱ्या. लोकांनी पहिला पर्याय निवडला. या एका प्रसंगातून लेकीला जे कळलं ते दोन्ही निवेदनं चारदा वाचून कळलं नव्हतं. गावातही सरपंचपदाचा उमेदवार कसा आहे हे त्याच्या पत्रकावरून कळत नाही. पाणी योजनेच्या ग्रामसभेत तो कुठल्या बाजूला बसला होता ते आठवावं.

यानंतरचं काम लोक विसरतात. महापौराच्या हातात काय आहे? सिएटलचा महापौर आपल्याकडच्या महापौरासारखा शोभेचा नाही. अंदाजपत्रक तो मांडतो, पोलीस प्रमुख तो नेमतो (नगरसेवकांची मान्यता लागते), शहराच्या मालकीची वीज कंपनी सिएटल सिटी लाइट त्याच्या कारभाराखाली येते. पण शाळा त्याच्याकडे नाहीत, शाळांचं मंडळ वेगळं निवडून येतं. बस काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, ती चालवते, मेट्रो रेल्वे साउंड ट्रान्झिट नावाची तिसरीच संस्था.

लेकीची मुख्य तक्रार होती बसची. घराजवळची बस वेळेवर येत नाही, आणि त्यावरून ती महापौर ठरवायला निघालेली. मी म्हटलं, कागद उलगडून बघ पुरता. त्याच मतपत्रिकेवर काउंटीच्या कार्यकारी प्रमुखाचं पद होतं, तेही बिनपक्षाचं. तिची बस त्या रकान्यात होती! याशिवाय शहराचा वकील, नगरसेवक, बंदराचे आयुक्त, शाळा मंडळ, आणि वॉशिंग्टन राज्याच्या घटनेतली एक दुरुस्ती. आपल्याला चार बटणांत घाम फुटतो. ज्या पदाबद्दल काही कळत नाही ते कोरं सोडलं तरी चालतं, बाकीची मतं बाद होत नाहीत. बंदराचे आयुक्त तिनं कोरे सोडायचं ठरवलं होतं, मग जावयानं अर्धा तास व्याख्यान दिलं.

माझं मत विचाराल तर ही बिनपक्षाची पद्धत मतदाराकडून गृहपाठ फार करवून घेते. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बाईनं तीन रात्री कुठून आणायच्या? मग माणूस ओळखीचं नाव बघतो आणि तिथे खूण करतो, याचा फायदा खुर्चीवर बसलेल्याला. चिन्हावर मारणाऱ्या आमच्या आजींना मी अडाणी म्हणणार नाही.

खूण करण्याचं काम सोपं आहे. काळ्या किंवा गडद निळ्या पेननं नावाशेजारचा लंबगोल पूर्ण भरायचा. एका पदाला दोन गोल भरले की त्या पदाचं मत वाया. चुकलं तर चुकलेल्या नावावर आडवी रेघ मारायची आणि दुसरा गोल भरायचा. नवी पत्रिका मागायची गरज नाही. लेक पेन घेऊन बसली आणि फोन समोरच. मी म्हटलं, "फोन पालथा घाल." "अगं, तूच तर सगळं शिकवलंस." "शिकवलं ते शिकवलं. आता फोन पालथा घाल." इतकी वर्षं पुठ्ठ्याच्या आडोशाकडे पाठ करून बसले, ती सवय आहे. मग पाच-सात मिनिटं मला फक्त तिच्या टेबलाचं लाकूड आणि पेनची करकर.

भरलेली पत्रिका परतीच्या पाकिटात घालायची आणि पाकिटावरच्या प्रतिज्ञेखाली सही करायची. तिकीट लागत नाही. पोस्टानं पाठवायची तर शिक्का मतदानाच्या तारखेचा किंवा आधीचा हवा, आणि पेटीत टाकलं म्हणजे त्याच दिवशी शिक्का पडेल असं नाही. शेवटच्या आठवड्यात पोस्टाच्या नादी न लागता निवडणुकीच्या पेटीत नेऊन टाका. त्या पेट्या वाचनालयाबाहेर वगैरे असतात, मतदानाच्या रात्री बरोबर आठला बंद.

सहीकडे लक्ष द्या, कारण शाई नाही, ओळखपत्र नाही, तुमची ओळख म्हणजे ती सही. नोंदणीच्या वेळी केलेल्या सहीशी ती ताडून बघतात. आमच्या लेकीनं नोंदणीत पूर्ण नाव लिहून सही केली होती आणि पाकिटावर ऑफिसात करते ती रेघोटी ओढली. दहा दिवसांनी पत्र आलं, सही जुळत नाही. घाबरून फोन. घाबरायचं काही नसतं. सोबतच्या फॉर्मवर नीट सही करून, निकाल प्रमाणित व्हायच्या आत परत पाठवला की मत धरतात. पत्र उघडलंच नाही तर मात्र गेलं. पत्रिका कुठवर पोचली ते ऑनलाइन बघता येतं, तिथे नजर ठेवा.

आणि निकालाच्या दिवशी गुलाल आणून ठेवू नका. ४ नोव्हेंबरला तिकडे रात्री आठला मतदान संपलं तेव्हा आमच्याकडे ५ तारखेचे सकाळचे साडेनऊ, त्रिपुरी पौर्णिमा. आदल्याच दिवशी आपल्या आयोगानं नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर केलेल्या, त्यामुळे पोवई नाक्यावर चर्चा वेगळीच. मी मात्र त्रिपुराच्या वाती वळत सिएटलचा निकाल बघत होते. पहिल्या आकड्यांत हॅरेल पुढे. मी लेकीला म्हटलं, झालं. ती म्हणाली, "थांब, शेवटच्या दिवशी पेटीत पडलेली पाकिटं अजून उघडायचीत." रोज दुपारी नवे आकडे आणि हळूहळू अंतर कमी. पुढच्या आठवड्यात विल्सन पुढे गेल्या आणि हॅरेलनी हार मान्य केली. शेवटचा फरक दोन हजार मतांच्या आसपास, सात लाखांवर वस्तीच्या शहरात.

लेकीचा सहीचा फॉर्म त्याच दिवसांत पोचला. एका पहाटे तिनं स्क्रीनशॉट पाठवला, तिच्या नावापुढे लिहिलेलं की मत मोजलं गेलं. मी तो जावयालाही पाठवला.